विमानाचं सीमोल्लंघन

रविवार, १४ सप्टेंबर

विमान शिकवणारे गुरुजी म्हणाले होते की वैमानिकानं प्रत्येक उड्डाणाची नोंद ठेवावी. त्यांच्या वहीत तारीख, वेळ आणि तास एवढेच रकाने आहेत. माणसाच्या मनात काय चाललं होतं याला जागाच नाही. उद्या कुणी माझं चरित्र लिहायला बसलं तर बिचाऱ्याची पंचाईत व्हायची. म्हणून ही डायरी. बियाणं कंपनीनं फुकट दिलेली आहे आणि दर पानाच्या तळाशी शेतीविषयी एक सल्ला छापलेला आहे. तो चरित्रकारानं सोडून द्यावा.

तर मी हिंमतराव, राहणार जानेफळ, भाजीपाल्याच्या रोपांची नर्सरी. महामार्गात आमची चौदा एकर जमीन गेली. बाकीच्या गावानं मोबदल्यातून मोठमोठ्या जीपगाड्या घेतल्या, त्या आता एकमेकींना रस्ता देत नाहीत. मी दोन माणसं बसतील एवढं जुनं विमान घेतलं. दीड वर्ष खेटे घालून परवाना काढला. उरलेल्या शेतात मुरमाची पट्टी केली आणि सोयाबीनच्या गोदामात विमान ठेवलं. सध्या फक्त पट्टीभोवती चकरा मारायची परवानगी आहे.

देखभालीला आमच्याच गावचा धम्मरत्न इंगळे आहे. वीस वर्षं हवाई दलात होता, विमान दुरुस्तीचं लायसन आहे. माणूस हुशार, पण भित्रा.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

धम्मरत्न पेट्रोल चोरतो की काय, अशी मला शंका आहे. रोज सकाळी पंखाखालची तोटी दाबून काचेच्या ग्लासात पेट्रोल काढतो, उजेडाकडे धरून पाहतो आणि बाहेर ओतून देतो. विचारलं तर म्हणतो, टाकीत रात्रीतून पाणी धरतं, ते इंजिनात गेलं तर वर इंजिन बंद पडतं. माझा ट्रॅक्टर अठरा वर्षांचा आहे, त्याचं पाणी कुणी कधी पाहिलं नाही.

शिवाय आज अर्धा दिवस त्यानं इंजिनाच्या झाकणातून साळुंकीचं घरटं काढण्यात घालवला. गवताची एकेक काडी काढून कागदावर मांडत होता. मी म्हटलं, दोन-चार काड्या राहिल्या तर काय बिघडतं? तो हसला नाही. याला विनोदाचं अंग कमी आहे.

बुधवार, २४ सप्टेंबर

सोनाळ्याहून मेहुण्याचा, इंद्रभानचा फोन. त्यानं हार्वेस्टर घेतल्यापासून त्याचा आवाज बदलला आहे. मला म्हणाला, "जवाईबुवा, तुमचं विमान पट्टीवरच गोल गोल फिरते म्हणे. आमचं हार्वेस्टरबी फिरते, पण पीक तरी काढते." मागून दहा-बारा जण हसल्याचं ऐकू आलं. म्हणजे फोन स्पीकरवर होता.

जेवण गेलं नाही. अन्नपूर्णेनं विचारलं काय झालं, मी म्हटलं पित्त.

सायंकाळी मात्र सुचलं. दसऱ्याला माणसं सीमोल्लंघनाला गावाच्या वेशीपर्यंत चालत जातात, आपट्याची पानं तोडतात, परत येतात. मी उडत जाणार. थेट सोनाळ्याला. आणि इंद्रभानच्या घरावर वरून सोनं लुटणार, म्हणजे पोतंभर आपट्याची पानं. जिल्ह्यात असं सीमोल्लंघन कुणी केलेलं नाही. परवानगीचं म्हणाल, तर सीमा ओलांडायची परवानगी मागून कुणी ओलांडली आहे का?

रविवार, २८ सप्टेंबर

धम्मरत्नला फक्त एवढंच विचारलं की समजा एखाद्याला सोनाळ्याला जायचं असेल तर कसं जाईल. त्यानं लगेच नकाशा पसरला, पट्टीनं रेघ ओढली, दर दहा मिनिटांच्या अंतरावर खुणा केल्या, वारा किती, दिशा किती अंश, पेट्रोल किती, सगळं लिहून दिलं. मी त्याला सांगितलं की खामगावपर्यंत मी हजार वेळा एस.टी.नं गेलो आहे, पुढं संग्रामपूरची गाडीही पाठ आहे. रस्ता खाली दिसतोच. तो म्हणाला, "भाऊ, वरून सगळे रस्ते सारखेच दिसतात." वैमानिक मी आहे, तो नाही.

जाताना त्यानं एक विनंती केली. नागपूरकडच्या विमान प्रशिक्षण संस्थेत त्याला शिकवायची नोकरी मिळते आहे. इथं काम नीट केलं, असं मालकाचं पत्र लागतं. मी म्हटलं, पाहू. लगेच पत्र दिलं तर माणूस लगेच जातो.

मंगळवार, ३० सप्टेंबर

धम्मरत्ननं आज पूर्ण तपासणी केली. तेल बदललं, प्लग काढून घासले, चाकांत हवा भरली आणि वहीत 'उड्डाणास योग्य' असं लिहून सही केली. शेवटी डाव्या पंखाखालच्या बारक्या नळीवर लाल कापडी टोपी चढवली. तिला हातभर लाल फीत लोंबते. मला ती टोपी आवडत नाही. एवढं देखणं विमान आणि त्याला लंगोट वाळत घातल्यासारखं दिसतं.

तो धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी सहकुटुंब नागपूरला दीक्षाभूमीवर चालला आहे. तीन तारखेला परत येईल. उद्याच्या पूजेचं मी त्याला बोललो नव्हतो. म्हटलं, त्यांच्यात हे नसतं, उगाच कशाला अवघडवा. तर तोच म्हणाला, "भाऊ, आधी सांगितलं असतं तर उद्या सकाळची गाडी सोडून दुपारची धरली असती. मी पूजा नाही करत, पण विमानापाशी उभा राह्यलो असतो."

"काऊन बे?" मी विचारलं.

"हार, अक्षता, कुकू, कुठंबी जाते. बरं, पूजा करा तुम्ही. पण मी येऊन पाह्यल्याशिवाय उडवू नका."

पेढ्यासाठी थांबायचं असेल, असं मला वाटलं. म्हटलं, तुझे पेढे ठेवतो, जा तू.

बुधवार, १ ऑक्टोबर, खंडेनवमी

पूजा थाटात झाली. नर्सरीतली सगळी माणसं होती. पुढच्या पंख्याला झेंडूचा हार घातला, दारांवर स्वस्तिक काढलं, चाकांखाली लिंबं ठेवली. नारळ मी पंख्यावर फोडणार होतो, पण अन्नपूर्णा मध्ये आली आणि म्हणाली दगडावर फोडा. बायकांना यंत्राची भीती असते.

एकच घोटाळा झाला. उदबत्त्या लावल्या आणि खोचायला केळंच नाही. पूजेचं केळं मीच सकाळी अनवधानानं खाल्लं होतं. सगळे हातात ताट घेऊन उभे, उदबत्तीची राख माझ्या बोटावर पडायला लागली. पण वैमानिकाला प्रसंगावधान लागतं. डाव्या पंखाखाली ती नळी होती. लाल टोपी ओढून काढली, अन्नपूर्णेकडे दिली आणि तीनही उदबत्त्या नळीच्या तोंडात खोचल्या. अशा चपखल बसल्या की जणू नळी त्यासाठीच केली आहे. विमान बनवणाऱ्यांनी एवढा विचार केलेला पाहून बरं वाटलं. पूजा झाल्यावर काड्या उपटून टाकल्या. मोगऱ्याचा वास अजून गोदामात आहे.

पानाच्या तळाशी सल्ला आहे: 'फवारणीपूर्वी नोझलमध्ये कचरा अडकला नाही ना, हे तपासा.' शेतकऱ्याला कुणी काहीही शिकवतं.

गुरुवार, २ ऑक्टोबर, दसरा

शर्टातली आपट्याची पानं झटकली आणि लिहायला बसलो.

सकाळी आठला निघालो. शेजारच्या खुर्चीवर आपट्याचं पोतं, त्याला पट्टा बांधला. निघण्याआधी विमानाभोवती फिरून सगळं पाहायचं असतं. फिरलो, आणि फिरताना नर्सरीच्या पोरींनी फोटोही काढले.

पट्टीवर धावायला लागलो तर वेगाची सुई शून्यावर. म्हटलं उठेल. उठली नाही. पण विमान उठलं. वर जाऊन काचेवर टिचकी मारली, कुलदेवतेचं नाव घेतलं, सुई जागची हलली नाही. गुरुजींनी शिकवलेलं आठवलं की वेग फार कमी पडला तर विमान हवेत थांबतं आणि मग खालीच येतं. माझा वेग किती आहे हे मला माहीत नव्हतं. खरं तर तिथंच वळायला हवं होतं. पण खाली नर्सरीची माणसं हात हलवत होती आणि तिकडे इंद्रभानचं हार्वेस्टर होतं.

खामगावपर्यंत रस्ता बरोबर धरला. तिथं घोळ झाला. संग्रामपूरची गाडी ज्या चहाच्या टपरीपासून वळते ती टपरी वरून दिसेना. एका रस्त्याला लागलो. काही वेळानं मोठं गाव आलं, पाण्याची टाकी, शाळा आणि इंद्रभानच्या घरासारखं निळं पत्र्याचं छप्पर. सातपुडा दिसत नव्हता, पण ढग असतील असं समजलो. खिडकी उघडून पोतं रिकामं केलं. निम्मी पानं खाली गेली, निम्मी वाऱ्यानं आत आली. डोळ्यांत, शर्टात, पायाखालच्या पॅडलमध्ये, सगळीकडे सोनं.

परतताना भीती वाटली. ती इथं लिहितो, चरित्रकारानं गाळावी. उतरताना वेग लागतो, आणि सुई मेलेली. हेडफोनला फोन जोडलेला होता. धम्मरत्नला लावला. त्याच्या मागं लाखो माणसांचा आवाज होता. पहिल्यांदा त्याला काही ऐकू येईना, मग तो कुठंतरी भिंतीच्या आडोशाला गेला असावा.

"भाऊ, सुईकडे पाहूच नका. ते नाहीच असं समजा. इंजिनाचे फेरे किती दाखवून राह्यलं?"

मी सांगितलं.

"चार हजारावर ठेवा. आता नाक क्षितिजाच्या बोटभर खाली. बोटभरच. पट्टी दिसली का?"

दिसली म्हटलं.

"घाई करू नका. मी आहो इथंच. हात सैल सोडा, तुम्ही दांडा आवळून धरला असन." आवळूनच धरला होता. त्याला नागपुरातून कसं कळलं कोण जाणे. "आता तीन हजार. नाक तसंच. अजून नका उचलू. अजून नका. आता हळूच उचला."

विमान तीनदा उडी मारून टेकलं, पट्टी संपली आणि शेजारच्या तुरीत जाऊन थांबलं. मला खरचटलंही नाही. धम्मरत्न फोनवर विचारत राहिला, "भाऊ, बोला काही, बोला," पण मी फोन बंद केला.

सांगायचं तात्पर्य, अत्यंत कठीण प्रसंगी विमान मी उतरवलं. तो सारखा बोलत होता, त्यानं उलट लक्ष विचलित झालं.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

मोबाइलवर व्हिडिओ फिरतो आहे. 'पिंपळगाव राजात विमानानं पालापाचोळा फेकला.' एक बाई अंगण झाडताना म्हणते आहे, आत्ताच झाडलं होतं. ते सोनाळा नव्हतं.

इंद्रभानचा फोन आला नाही. त्यानं फक्त झाडूचं चित्र पाठवलं.

धम्मरत्न बसमधून उतरून घरी न जाता थेट पट्टीवर आला. आधी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग तुरीतून ओढून आणलेल्या विमानाकडे वळला. मी त्याला हात लावू दिला नाही. गोदामाला कुलूप लावलं. उड्डाणास योग्य म्हणून सही कुणी केली? त्यानं. मग सुई का मेली? त्यानं एकच विचारलं, नळीवरची टोपी कुठं आहे. म्हटलं, वाऱ्यानं उडाली असेल.

रविवार, ५ ऑक्टोबर

विमानं तपासणाऱ्या कार्यालयाचं पत्र काल ई-मेलवर आलं. विनापरवानगी उड्डाण, तुरीत घुसलेलं विमान, व्हिडिओ, सगळं त्यांच्यापर्यंत पोचलं आहे. कारण कळवा म्हणतात.

मी चार पानी उत्तर लिहिलं. देखभाल करणाऱ्यानं निष्काळजीपणे सही केली, सुई नादुरुस्त होती, त्यामुळे माझी दिशा चुकली. शिवाय ऐन पूजेच्या दिवशी तो गैरहजर राहिला. त्याचं लायसन रद्द करावं अशी मागणीही केली. भाषा चांगली उतरली आहे. अन्नपूर्णेला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती चवळीच्या शेंगा सोलत होती.

"लायसन गेलं म्हणजे त्याची ते नागपूरची नोकरीबी जाईन काय?" तिनं विचारलं.

म्हटलं, जाईलच, त्याशिवाय आयुष्यभर कुणी त्याला विमानाला हात लावू देणार नाही. तिनं शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. तिला यातलं कळत नाही. नंतर बराच वेळ ती देवघरात काहीतरी शोधत होती.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

आजचा दिवस कसा लिहू?

मुंबईहून तपासणीला अनुपमा मॅडम आल्या. मला वाटलं होतं साहेब येतील, म्हणून हार मोठा आणला होता. त्यांनी हार खुर्चीला घातला आणि थेट विमानाकडे गेल्या. धम्मरत्नलाही बोलावलं होतं. तो इस्त्रीच्या शर्टात एका बाजूला उभा होता, त्याच्या हातात त्याचं लायसन प्लास्टिकच्या पिशवीत होतं.

मॅडमनी वेगाच्या सुईला वारा पोचवणारी ती नळी सोडवायला सांगितली. धम्मरत्ननं ती उभी धरून पांढऱ्या कागदावर ठोकली. आधी राख पडली. मग बांबूची काडी पडली, सव्वा इंच, एका टोकाला गुलाबी रंग. मॅडमनी ती नाकाशी नेली आणि म्हणाल्या, "मोगरा."

सगळं समजलं मला तेव्हाच. पण तोंडातून शब्द आले ते वेगळेच. मी म्हणालो, हा घातपात आहे. साळुंकी काड्या आणते असंही म्हणालो. मॅडम म्हणाल्या, साळुंकी उदबत्ती लावत नाही. मग म्हणालो, तपासणी करताना याच्याच हातून राहिली असेल. धम्मरत्ननं माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. तो थकलेल्या माणसासारखा पाहत होता.

मॅडमनी त्याला विचारलं, टोपी घालून, नळी स्वच्छ असल्याचं पाहून सही केली, याला काही पुरावा आहे का? नसेल तर लायसन आज जमा करावं लागेल. त्याचा हात पिशवीकडे गेला.

तेवढ्यात अन्नपूर्णा चहा घेऊन आली. किटली गरम होती म्हणून तिची दांडी तिनं लाल कापडानं धरली होती. कापडाला हातभर फीत लोंबत होती आणि फितीवर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं की उड्डाणापूर्वी काढावे. फितीवर कुंकवाची बोटं उमटलेली होती.

मॅडमनी विचारलं, हे कुठून आलं?

"यायनंच देल्ली मले, पूजेच्या दिवशी," अन्नपूर्णा म्हणाली आणि शांतपणे कपात चहा ओतू लागली. "केळं नव्हतं. उदबत्तीले जागा पाह्यजे होती, तं नळीवरून टोपी काढली अन् तिच्यातच खोचली. म्याच काड्या पेटवून देल्ल्या होत्या. साखर चालते ना मॅडम तुमाले?"

आमच्या घरात सव्वीस वर्षांत ती चहा घेऊन पाहुण्यांसमोर कधी बाहेर आली नाही, चहा नर्सरीतल्या पोरी आणतात. आजच नेमकी का आली आणि स्वयंपाकघरात चार पकडी असताना तेच कापड का घेतलं, याचा मी विचार करतो आहे. साधी बाई आहे. योगायोग असेल.

मॅडमनी माझा परवाना सहा महिन्यांसाठी काढून घेतला. धम्मरत्नचं लायसन पिशवीतच राहिलं. खोट्या तक्रारीबद्दल तुम्हाला काही लिहून द्यायचं आहे का, असं त्यांनी त्याला विचारलं. तो म्हणाला, "नाही. नळी साफ करून बसवतो. जोडणी राह्यली तर विमान खराब होईन."

आणि मला शिव्या न देता, माझ्याकडे न पाहता, त्यानं अर्धा तास बसून नळी बसवली. मला लाज वाटली. हे वाक्य चरित्रकारानं गाळू नये.

शनिवार, १८ ऑक्टोबर

पत्र लिहिलं. 'श्री. धम्मरत्न इंगळे यांनी माझ्या विमानाची देखभाल उत्तम केली.' एवढंच लिहायला दोन दिवस लागले. तक्रारीची चार पानं एका दुपारी झाली होती.

त्याच्या घरी जाऊन दिलं. त्याच्या बायकोनं, रेणुकानं, पाणी दिलं. बस म्हणाली नाही. धम्मरत्ननं पत्र वाचलं, घडी घातली आणि गोदामाची किल्ली आणि देखभालीची वही माझ्या हातात ठेवली. एक तारखेपासून तो नागपूरला चालला आहे.

मी म्हटलं, नवीन माणूस मिळेपर्यंत तरी थांब. तो म्हणाला, "भाऊ, सकाळचं पेट्रोल पाहत जा. ग्लास खिडकीत ठेवला आहे."

मंगळवार, २१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

सकाळी ग्लासभर पेट्रोल काढलं, उजेडाकडे धरलं. तळाशी बोटाच्या पेराएवढं पाणी होतं. नुसतं पाहत उभा राहिलो. हे तो रोज काढत होता आणि मी त्याला चोर समजत होतो.

सायंकाळी विमानाची पूजा. यंदा गर्दी नव्हती, अन्नपूर्णा आणि मी. ताटात तिनं एक केळं ठेवलं होतं, त्यात उदबत्त्या आधीच खोचून आणल्या होत्या. नळीवर लाल टोपी होती, धुतलेली, आणि तिची फीत तिनं दोन गाठी मारून पक्की बांधली होती.

मी म्हटलं, एवढ्या गाठी कशाला?

"उतराले तवा कोणी फोनवर नसन ना आता," ती म्हणाली.

घरी येऊन दसऱ्याचं पान काढलं. 'विमान मी उतरवलं' हे वाक्य वाचलं. तो पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत त्या भिंतीच्या आडोशाला उभा होता. वर्षातला त्याचा एक दिवस, बायकोला गर्दीत सोडून आलेला. ती ओळ खोडली आणि वर लिहिलं, 'विमान धम्मरत्ननं उतरवलं.'

लिहून पाहिलं, बरं वाटेना. खाली जोडलं, 'हात माझे होते.'